खाट की काठी: तीन अक्षरांच्या कज्जाची बखर

॥ श्री ॥ जे कागदी न मावे आणि कंठी उमटे, त्या नामास नमन असो. शके एक हजार नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, त्या मुलखाचे गणतीने सन अकराशे अडुसष्ट, ते समयी पश्चिमेस समुद्रापलीकडे थंड मुलखी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहिले असे. राज्याचे नाव लिहिणाराने दोन वेळा पुसोन घेतले, परंतु जिभेस न वळले, सबब लिहिले नाही.

त्या राज्यी राजे वृद्ध, प्रजेचे कनवाळू, देवभोळे. गुडघ्यांनी जवाब दिला होता, डोळ्यांस अंधुक दिसे, परंतु कान शाबूत होते आणि त्या कानांस शास्त्रश्रवणाची मोठी गोडी. राजेश्रींनी एके दिवशी बोलून दाखविले की, "आम्हांस जाणे आहेच, त्याविषयी तक्रार नाही. परंतु जाण्याआधी पवित्र शास्त्र आरंभापासोन अखेरपर्यंत एकदा शुद्ध ऐकावे, एवढी इच्छा उरली." शुद्ध म्हणावयाचे कारण, त्या मुलखी ग्रंथ हाताने उतरवीत, आणि नकलेची नकल व तिची नकल होता होता थंडीने बोटे आखडलेले लेखक कोठे शब्द गाळीत आणि कोठे आपले पदरचा घालीत, ऐसे चारशे वर्षे चालले होते. मग राजधानीचे मठास आज्ञा जाहली की सर्व नकला ताडून एक थोरला शुद्ध ग्रंथ सिद्ध करावा, आणि मठाने तो आरंभिला, आणि चौथे वर्षी, पुरा होण्याआधीच, ग्रंथ ऐसा जाहला की दोन असामींनी उचलावा.

मठाचे महंत गोतिये. मोठे गोड गळ्याचे पुरुष, वेदीसमोर उभे राहोन आख्यान लाविले म्हणजे बाजारातील कोळिणी टोपल्या खाली ठेवोन ऐकत आणि मासे मांजरे नेत, तरी कोणी उठत नसे. या मठात एक काठी होती. बदामाचे लाकडाची, वरील टोक हात लागोन लागोन गुळगुळीत जाहलेली. कुलपित्याची काठी म्हणोन लोक तीस मस्तक टेकीत. कुलपिता म्हणजे ज्यास बारा पुत्र जाहले, आणि दुष्काळ पडला म्हणोन जो परमुलखी पुत्रापाशी जाऊन राहिला, तोच. यहुदी आणि ख्रिस्ती दोन्ही त्यासच आजा मानीत आणि आज्यावरून भांडत. महंत चार वर्षांचे असता त्यांचे पाय चालत नव्हते. मातोश्रींनी त्यांस पाठीवर घेऊन तीन दिवसांची वाट केली आणि काठीस हात लावविला, आणि परत जाताना ते चालत गेले. काठी खरी की कैसी हे ईश्वर जाणे, परंतु ते चालत गेले हे गावाने पाहिले होते. सबब महंतांचे काठीवर प्रेम होते, ते कोणी हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते.

आता कज्जा कैसा उपजला तो लिहितो. शास्त्राचे पहिले पुस्तकी ऐसे आहे की, कुलपिता मरणासन्न जाहला, पुत्राकडोन शपथ घेतली आणि खाटेचे उशाकडे नमला. आणि पुढे ख्रिस्ती गुरूंनी लिहिलेले पत्र आहे त्यात ऐसे की, कुलपिता काठीचे टोकावर नमला. दोन्ही ओळींमध्ये हजार पाने होती, सबब कोणाचे नजरेस आले नव्हते आणि सर्व सुखी होते. परंतु त्या चौथे वर्षी एका बाकावर दोन लेखक बसोन एक पहिले पुस्तक उतरवीत होता आणि दुसरा ते पत्र, आणि तिकडील रिवाज ऐसा की लिहिताना पुटपुटावे. तो एक म्हणाला खाट आणि त्याच क्षणी दुसरा म्हणाला काठी. पहिला म्हणाला, "अरे, तुझा म्हातारा उभा कैसा राहिला? माझा तर निजला आहे!" दुसरा म्हणाला, "तुझा निजू दे. माझ्यास टेकावयास काही तरी पाहिजे." मग दोघे हसले आणि सारे लेखकगृह हसले, आणि महंत दाराशी उभे होते ते हसले नाहीत.

महंतांनी मुख्य शोधक, म्हणजे नकलांतील चुका काढणारे, गोसावी इव्हो यांस बोलाविले. हे अंगाने काटकुळे, नाकावर शाईचा डाग कायम, स्वभावे निरुपद्रवी, परंतु प्रश्न पुसण्याची खोड. महंत बोलिले, "इव्हो, पत्र गुरूंचे आहे, ते चुकणे नाही. पहिले पुस्तकी खाट आहे ती चाकूने खरवडोन तेथे काठी लिहावी." इव्हो यांनी चाकू घेतला, शब्दावर ठेविला आणि उचलिला. मग म्हणो लागले, "महंतबावा, मूळ पाहिल्यावाचून खरवडवत नाही." महंत म्हणाले, "मूळ कोठे आहे?" "यहुद्यांचे गल्लीत." "आपले घरातील जिन्नस शेजाऱ्यास पुसोन ठरवावी काय?" इव्हो म्हणाले, "बावा, शेजारी आपल्या आधी राहावयास आला आहे." महंतांनी मागोन हाक मारिली, तोवर इव्हो गेले होते.

यहुद्यांचे गल्लीत मेशुल्लाम शास्त्री राहात. साठीचे वय, दाढी छातीपर्यंत, मूळ भाषेचे ज्ञान ऐसे की चार राज्यांतून पत्रे येत. इव्हो त्यांजकडे तीन वर्षे भाषा शिकावयास जात होते. शास्त्रीबावांचे कुटुंब बेलासेतबाई यांनी दार उघडिले आणि म्हणाल्या, "या गोसावी. आज कोणता शब्द अडला? गेले वेळी एका क्रियापदापायी यांची पेज थंड जाहली होती." इव्हो म्हणाले, "आज नाम आहे, बाई." बाई म्हणाल्या, "मग लवकर आटपेल."

शास्त्रीबावांनी पोथी उलगडोन दाखविली. त्यांची पोथी पाने नव्हे, चामड्याची लांब गुंडाळी, दोन लाकडी दांड्यांस गुंडाळिलेली. आणि त्यांचे लिपीत मूळची केवळ व्यंजने. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी न देता पत्र लिहिले तर वाचणाराचे जे होईल ते त्यांचे पोथीत पहिल्यापासोनच आहे. त्या ठिकाणी तीन अक्षरे होती: म, ट, ह. शास्त्रीबावा म्हणाले, "मिट्टा म्हटले तर खाट. मट्टे म्हटले तर काठी. अक्षरे तीच." इव्हो म्हणाले, "मग आपणांस कैसे कळले की खाट?" शास्त्रीबावांस प्रश्नाचे नवल वाटले. म्हणाले, "कैसे म्हणजे? आम्ही गातो."

त्याचा अर्थ ऐसा. यहुदी दर शनवारी पोथी उभ्याने मोठ्याने गातात. पोथीत स्वर नाही, सूरही नाही, ते दोन्ही गाणाराने मुखी ठेवावे लागते, बापाकडोन लेकाकडे ऐसे आलेले. आणि गाणारा एक वेलांटी चुकला तर सारी सभा, वृद्ध, व्यापारी, मोची, आचारी, एकदम बरोबर शब्द ओरडोन सांगते, आणि त्याने मागे जाऊन सुधारून पुढे जावे, त्यावाचून सुटका नाही. आपल्याकडे कीर्तनात बुवांनी चरण चुकविला तर मागील टाळकरी हळूच उचलोन धरितात, तैसेच हे; फरक इतुकाच की टाळकरी बुवांची लाज राखितात, हे राखीत नाहीत. इव्हो हे शनवारी दाराशी उभे राहोन ऐकत आले होते. आणि जो शब्द शेकडो वर्षे शेकडो कानांनी राखिला तो कागदावरील शब्दाहून पक्का, हे त्यांस पटले होते. मग ते मठात आले आणि चाकू महंतांचे हाती देऊन म्हणाले, "खाटच आहे. मजकडोन खरवडणे होणार नाही."

महंतांस दुःख जाहले आणि दुःखाचा राग जाहला. त्यांनी दरबारी जाऊन अर्ज केला की, "महाराज, मूळ पोथीत तीन अक्षरे, स्वर नाही. यहुद्यांनी आमचे काठीचा द्वेष धरोन मनाचा स्वर घातला आहे, आणि आमचा एक भोळा गोसावी त्यांनी नादी लाविला आहे." राजेश्रींनी शास्त्रीबावांस पाचारण करोन पुसिले, तो त्यांनी वर लिहिलेला रिवाज सांगितला आणि म्हणाले, "चूक कानी पडली तर आमचे लोकांस गप्प राहवत नाही, हाच आमचा पुरावा." महंत म्हणाले, "उत्तम. मग तोच पाहू. भर दरबारी यांचीच पोथी उलगडावी आणि आम्ही काठी वाचतो. वाचन चालता जो कोणी बोलेल त्याचे बाजूचे पुस्तक अग्नीत घालावे, ऐसा हुकूम असावा. इतुके भय असताही ते ओरडले तर चूक खरी, त्यांचा शब्द राहो, पोथी जावो. आणि गप्प राहिले तर चूक नव्हतीच, काठी लिहू." राजेश्री म्हणाले, "महंत, हे दोन्हीकडोन तुमचेच चालले." महंत म्हणाले, "सत्याचे चालले, महाराज." राजेश्री थकले होते, सरदार माना हालवीत होते, मग बोलिले, "बरे. परंतु हुकूम दोन्ही बाजूंस सारखा. त्यांचे कोणी बोलिले तर त्यांची पोथी, मठाचे कोणी बोलिले तर मठाचा ग्रंथ." महंतांनी तत्काळ मान्य केले, कारण मठात मौनाचा अभ्यास चांगला होता.

हे वर्तमान गल्लीत आले आणि गुरुवारीही त्यांचे थोडे वाचन असते, ते आटोपल्यावर सारी गल्ली प्रार्थनाघरात बसली. ही पोथी कोणती ते सांगणे जरूर आहे. तीस वर्षांमागे हे लोक दुसऱ्या एका शहरी राहात. तेथोन एके सकाळी त्यांस हाकोन दिले, आणि नदीस पूर होता, आणि शास्त्रीबावांचे तीर्थरूपांनी घरची भांडी टाकिली, अंथरुणे टाकिली, आणि पोथी डोक्यावर धरोन नदी उतरिली. मागील शहराचे या लोकांपाशी दुसरे काही उरले नव्हते. नवी पोथी लिहावयाची तर लिहिणारा मिळाला पाहिजे, आणि त्या राज्यात तैसा कोणी नव्हता. पोथी गेली तर शनवारी उभे कशापुढे राहावयाचे, हा प्रश्न.

शास्त्रीबावा बोलिले, "ऐका. उद्या दरबारी ते मट्टे म्हणतील. कोणी तोंड उघडावयाचे नाही. तीन अक्षरे आहेत ती पोथीत तशीच राहतील. उद्या ते काठी म्हणोत, परवा शनवार आहे, आपण आपले घरी खाट म्हणू. एक दिवस गिळा." बेलासेतबाई स्त्रियांचे बाजूने म्हणाल्या, "आणि त्यांचे ग्रंथात काठी चढली, ती कायमची. उद्या त्यांचा कोणी शिकलेला येईल आणि तुमचे नातवास म्हणेल की तुझे आज्याने भर दरबारी ऐकून घेतले." शास्त्रीबावा म्हणाले, "म्हणो. पोथी असली तर नातू उत्तर देईल." बाई म्हणाल्या, "मला पोथीची थोरवी सांगू नका. नदीत सासऱ्यांनी मला हात दिला नाही, त्यांचे दोन्ही हात पोथीस होते. मी वाहून चालले होते आणि पोथी कोरडी होती." सभेत कोणी तरी पुसिले, "मग?" बाई म्हणाल्या, "मग काय! मीही एक दांडा धरिला." यावरून गप्प राहण्याचे ठरले ऐसे सर्वांनी समजोन घेतले. केवळ विवां मोची, वय वर्षे ऐंशी, चूक पकडण्यात पहिला आवाज सदैव त्यांचा, ते हात जोडोन म्हणो लागले, "शास्त्रीबावा, मला घरी राहू द्या. माझ्याने व्हावयाचे नाही. माझे तोंड माझे ऐकत नाही." शास्त्रीबावा म्हणाले, "हुकूम सर्वांस आहे, विवांकाका. टोपी आहे ना? ती तोंडात धरा."

शुक्रवारी दोन प्रहरी दरबार भरला. मध्ये शेगडी पेटविली. एका मेजावर मठाचा थोरला ग्रंथ ठेविला, दुसऱ्यावर गल्लीची पोथी. उजवीकडे गोसावी रांगेने, त्यांत इव्हो. डावीकडे गल्लीतील लहानथोर. राजेश्री गादीवर, उशी पाठीशी. वाचावयास महंतांनी दूरचे विद्यापीठातोन थिबो नामे पंडित आणविले होते. यांनी मूळ भाषा सहा महिन्यांत हस्तगत केली, ऐसे ते स्वतः सांगत. चिटणिसाने हुकूम वाचोन दाखविला, मग थिबो पंडित पुढे जाहले आणि वाचू लागले.

आता त्या वाचनाचे वर्णन काय करावे! सूर नाही, ठाव नाही, दवंडी पिटावी तैसे. दुसरेच ओळीत एक स्वर चुकले. डावे बाजूस चाळीस असामींचा श्वास एकदम आत गेला आणि तेथेच राहिला. विवां मोची यांनी टोपी तोंडात घातली. पुढे पंडितजी आणखी एक चुकले, आणि कुलपित्याचे वय सांगताना अंकच उलटा केला. एका वृद्धाने दाढी मुठीत धरोन ओढिली, एका आचाऱ्याने शेजाऱ्याचा दंड दाबिला आणि शेजाऱ्याने त्याचा, आणि बेलासेतबाईंनी पदर दातांत धरिला. मोची यांचे डोळ्यांतून पाणी वाहो लागले आणि टोपी जवळ जवळ सारी आत गेली. राजेश्रींची दृष्टी अंधुक, तरी त्यांस इतुके दिसले की डावे बाजूस कोणी तरी भाजत आहे. ते चिटणिसाकडे वाकून म्हणाले, "त्यांस काय होते आहे?" चिटणीस हळूच म्हणाला, "महाराज, ते गप्प बसले आहेत."

आणि मग तो शब्द आला. थिबो पंडितांनी मान वर करोन, छाती काढोन, मोठ्याने म्हटले, "मट्टे!"

डावीकडे कोणी हालले नाही. शास्त्रीबावांनी डोळे मिटले. महंतांनी दीर्घ श्वास सोडिला आणि चिटणिसाकडे पाहिले, आणि चिटणिसाने काठी लिहावी म्हणोन दौतीत लेखणी बुडविली. इतक्यात दरबारी खणखणीत आवाज आला, "मिट्टा!"

सर्वांनी गल्लीकडे पाहिले. गल्ली गोसाव्यांकडे पाहात होती. तेथे रांगेत इव्हो उभे, दोन्ही हात तोंडावर. परंतु शब्द हातांआधी बाहेर आला होता.

राजेश्री म्हणाले, "कोण बोलिले?" चिटणीस म्हणाला, "महाराज, मठाचे बाजूने." "काय बोलिले?" "मिट्टा." "म्हणजे?" "खाट, महाराज." राजेश्री म्हणाले, "हुकूम वाचा." चिटणिसाने पुन्हा वाचिला. शब्द जसेचे तैसे होते. मग दोन शिपाई मठाचे थोरले ग्रंथाकडे गेले आणि दोन्हीकडोन हात घालोन त्यांनी तो उचलिला.

महंत गोतिये धावत पुढे आले आणि शेगडी आणि ग्रंथ यांचे मध्ये उभे राहिले. म्हणाले, "महाराज, चार वर्षांचे काम. एकेका अक्षरास मी उभा होतो. महाराज, त्यात ईश्वराचे शब्द आहेत!" राजेश्रींनी आपले हातातील काठीने दुसरे मेजावरील पोथी दाखविली आणि पुसिले, "आणि त्यात कोणाचे आहेत?"

महंतांनी पोथीकडे पाहिले. तीन अक्षरे उघडीच होती. शिपायांचे हात भरून आले, तरी हुकुमावाचून खाली ठेविता येईना. मग महंत म्हणाले, "तेच, महाराज. तेच आहेत." राजेश्री म्हणाले, "मग एक जाळू आणि एक ठेवू, हे आम्हांस कैसे जमेल?" आणि चिटणिसाचे हातून हुकूम घेऊन तो शेगडीत टाकिला. त्या दिवशी तेवढेच जळाले.

मग राजेश्रींनी इव्हो यांस समोर घेतले. "गोसावी, आपला ग्रंथ जाईल हे ठाऊक होते काय?" "ठाऊक होते, महाराज." "म्हणजे त्यांची पोथी वाचवावी म्हणोन जाणोन बोललास?" इव्हो यांचे नाकावरील डाग घामाने गालापर्यंत आला होता. म्हणाले, "नाही महाराज. जाणोन बोलावयाचे असते तर धीर जाहला नसता. शनवारी ऐकून ऐकून सवय लागली. चूक ऐकली की निघते." राजेश्री शास्त्रीबावांस म्हणाले, "आता आमची परवानगी आहे. तुमचे लोक काय म्हणतात?" तो सारी गल्ली एकदम गर्जली, "मिट्टा!" आणि तेवढ्यावर न थांबता, तोंडातील टोपी काढलेल्या विवां मोचींचे आगेवानीत, आधीच्या तीन चुकाही क्रमाने एक एक करोन सांगितल्या, आणि थिबो पंडितांनी त्या खाली बसोन लिहून घेतल्या.

निवाडा ऐसा जाहला की पहिले पुस्तकी खाट आहे ती खाट, पत्रात काठी आहे ती काठी, चाकू कोठेही लावू नये. महंत खालमानेने म्हणाले, "महाराज, मग कुलपित्याने नमस्कार केला तो कशावर?" राजेश्री म्हणाले, "महंत, आम्ही निजतो खाटेवर आणि काठी उशाशी असते. त्या वयास तुम्ही पोहोचलात म्हणजे यात भांडण दिसणार नाही." महंतांनी वंदन केले आणि निघाले. परंतु ते बाहेर जाताना बेलासेतबाईंनी वाटेत गाठोन पुसिले, "तुमचे मातोश्रींनी तीन दिवस पाठीवर आणिले म्हणतात, खरे काय?" महंत म्हणाले, "खरे." बाई म्हणाल्या, "मग काठी नीट जपा. तीवर त्यांचाही हात लागला असेल."

इव्हो यांस मठाचे नियमाने शासन जाहले. मौन मोडिले होते, सबब एक वर्ष मौन. बोलणे नाही, पुटपुटणे नाही, खूणही नाही. महंतांनी शासन सुनाविले आणि दुसरे दिवशी त्यांचे ध्यानी आले की ग्रंथात शंकेचे शब्द अद्याप साठ बाकी आहेत, ते यहुदी शास्त्र्यास पुसावे लागतील, आणि पुसणारा तर मुका केला. थिबो पंडितांस पाठवावे तर त्यांनी मोची यांजकडे पाठ घ्यावयास आरंभ केला होता आणि ते पहिल्याच पानावर होते. मग तीन दिवस विचार करोन महंत स्वतःच गल्लीत गेले, इव्हो मागोमाग दौत घेऊन. बेलासेतबाईंनी दार उघडिले आणि दोघांकडे पाहोन म्हणाल्या, "एक बोलत नाही आणि दुसरा ऐकत नाही. या, बसा." आणि पेज आणिली.

पहिला महिना महंत आणि शास्त्रीबावा एकमेकांकडे न पाहता शब्दांकडे पाहात. दुसरे महिन्यात पाहू लागले. महंत म्हणत, "आमचे गुरू ऐसे लिहितात," आणि शास्त्रीबावा म्हणत, "आपले गुरूंस आमची भाषा कोणी शिकविली?" आणि महंत उठोन दारापर्यंत जात आणि परत येऊन बसत. एके दिवशी शास्त्रीबावांनी ओळ गाऊन दाखविली. महंतांनी डोळे मिटोन ऐकिली, आणि मठात तोच मजकूर कोणत्या चालीने म्हणतात ते गाऊन दाखविले. आपणांकडे दोन हरिदास भेटतात तेव्हा जे होते ते जाहले: दोघांनाही दुसऱ्याची चाल थोडी बरी वाटली, आणि दोघांनीही तसे म्हटले नाही. त्या वर्षी राजेश्रींनी ग्रंथ जसजसा होई तसतसा ऐकिला, पहिले पुस्तकातील त्या ओळीस वाचणाराने खाट म्हटले तेव्हा ते हसले, आणि अखेरचे पान ऐकोन मग आठ दिवसांनी सुखाने गेले. साठ शब्दांपैकी एकोणसाठ त्याआधीच उलगडले होते. एक उरला, त्यावर तड लागली नव्हती म्हणोन वाचणाराने तो राजेश्रींपुढे दोन्ही अर्थांनी म्हटला होता.

त्या एका शब्दावर वाद चालू असता वर्ष पुरे जाहले. महंत म्हणत होते एक, शास्त्रीबावा म्हणत होते दुसरे, आवाज गल्लीच्या टोकास जात होते, विवां मोची आपले दुकानातून तिसरेच ओरडत होते. तेव्हा महंतांस स्मरण जाहले, ते थांबले आणि म्हणाले, "इव्हो, आज तुझे वर्ष भरले. तू दोघांकडोन ऐकिले आहेस. बोल, कोण बरोबर?" शास्त्रीबावाही म्हणाले, "होय गोसावी, निःशंक सांगा. चार वर्षे माझी विद्या घेतली आहे." बेलासेतबाई हातातील पळी तशीच धरोन दाराशी येऊन उभ्या राहिल्या. इव्हो यांनी दौत खाली ठेविली, घसा खाकरला, तो वर्षभराचा बसलेला होता म्हणोन दोनदा खाकरला, आणि बोलिले, "दोघेही चुकता."

मग पेज थंड जाहली.

येणेप्रमाणे खाट खाटेचे ठायी, काठी काठीचे ठायी, ग्रंथ मठात आणि पोथी गल्लीत सुखरूप राहिली. साठावे शब्दाचा निकाल लिहिणाराचे ऐकण्यात आला नाही. चर्चा चालू आहे, ऐसे ऐकतो. गाणारांस कंठ आणि ऐकणारांस कान ईश्वर देवो. चुकले असेल तर मोठ्याने सांगावे. इति.